हयातीतलं देणं

पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली तेव्हा भामा ओट्यावर वाल सोलत बसली होती. सून सुमती बांधावरून धावत आली. तिची साडी मांडीपर्यंत चिखलात भिजली होती.

"आई, उघाडीच्या बाजूला खांड पडलीय. खेकड्यांनी पोखरलेला तोच भाग. तल्याचं पानी भाईर चाललंय."

भामानं सूप बाजूला ठेवलं. फावडं, दोन घमेली आणि जुनी गोणपाटं घेऊन दोघी निघाल्या. जमीन थोडी होती. एका बाजूला भाताचं खाचर, दुसऱ्या बाजूला तळं, आणि खाडी व तळं यांच्या मधे हा बांध. बांधाच्या पोटात लाकडी दाराची उघाडी होती. तिच्यातून भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, नको तेव्हा दार पाडायचं. तळ्यात जिताडे वाढत होते. शिमग्याला मासा काढायचा, त्यावर वर्षाचा बराचसा खर्च निघायचा.

ओहोटी लागली होती म्हणून काम करता आलं. सुमती खांडीत उतरली. भामा तळ्याच्या कडेचा चिकट चिखल कापून घमेल्यात भरायची आणि वरून द्यायची. सुमती गोणपाट अंथरून त्यावर चिखलाची ढेप बसवायची, टाचेनं दाबायची. पहिल्या ढेपा वाहून गेल्या. मग सुमती स्वतःच खांडीत आडवी बसली, पाठ पाण्याला दिली आणि म्हणाली, "आता टाका."

भामानं तिच्या पाठीमागे चिखल टाकला. सुनेच्या अंगाचाच बांध केला. पाणी थांबलं तेव्हा उन्हं डोक्यावरून खाली उतरली होती. सुमती उठली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

भामाला मात्र उठता येईना. गुडघा धरला होता. ती चिखलात तशीच बसून राहिली. छातीत धाप मावत नव्हती. सुमतीनं काखेत हात घालून तिला ओढून काढलं.

"आज मेले असते तर?" भामा म्हणाली.

"कायबी बोलू नका."

"बोलते नाय, इचारते. मी मेले तर ह्या बांधावर तुझं काय?"

सुमती पाण्याकडे वळली. तिनं फावडं धुतलं.

त्याच संध्याकाळी भामाचा धाकटा मुलगा निकेश आला. थोरला हरेश, सुमतीचा नवरा, हायवेवर ट्रेलरखाली गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. निकेश सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायचा. रामूच्या, म्हणजे त्याच्या मयत बापाच्या, संपादनात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला तो निकेशनं घेतला होता आणि त्याचा फ्लॅट झाला होता. तेव्हा सुमतीला कुणी विचारलं नव्हतं. ही तळ्याची जमीन वेगळी. ती भामाच्या माहेरची होती.

निकेश ओट्यावर चढला नाही. चपला काढाव्या लागल्या असत्या.

"खांड पडली असं ऐकलं. कनाला बुजवली? पानी भरू द्यायचं व्हतं. यार्डवाले भराव टाकूनच घेनार हायेत."

जासईकडून कंटेनरची यार्डं सरकत सरकत खाडीकाठानं इकडे आली होती. रात्रंदिवस लोखंडी पेट्या एकमेकींवर चढायच्या.

"मी कोनाला द्याची बोल्ले नाय," भामा म्हणाली.

"आता नाय तर मागनं. तू किती दिवस चिखलात बसशील? तुझ्या मागं मलाच सह्या कराच्या हायेत. आताच केलंस तर तुझ्या हातात पन चार पैसे येतील."

"आन सुमती?"

"तिचं काय? तिची पोरगी हाय, मनस्वी. नर्स होईल, लग्न होईल. वयनीला मी काय टाकनार हाय का? सुकापूरला येऊन राहू दे. हेतलला घरात मदतच होईल."

हेतल त्याची बायको. सुमती आत चुलीपाशी होती. तवा जोरात आपटल्याचा आवाज आला.

"ऐकलंस?" भामा हसली. "तिचं उत्तर आयलं."

*

पनवेलला नोंदणी कार्यालयाबाहेर सुदाम नावाचा दस्त लिहिणारा टेबल टाकून बसायचा. सुमतीच्या ओळखीची एक बाई त्याच्याकडे जाऊन आली होती. भामा त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली, सुमती मागे उभी राहिली.

"माझ्या मागं जमीन सुनेला मिलाली पायजे. कोर्टात जावं लागता नये. ते कसं लिवायचं ते सांगा."

सुदामनं सातबारा पाहिला. "आजी, काहीच केलं नाहीत, तर तुमच्या मागं मुलगा आणि मयत मुलाची मुलगी. सुनेचं नाव वारसांत येतच नाही."

भामा मागे वळून सुमतीकडे पाहायला लागली. वीस वर्षं जिनं बांध राखला तिचं नावच येत नाही, हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

"मृत्युपत्र करतात लोक," सुदाम पुढे म्हणाला. "पण ते तुमच्या माघारी उघडणार. मुलानं हरकत घेतली की कोर्ट. साक्षीदार शोधा, तारखा करा. तोवर जमीन कोण सांभाळतो, कोण विकतो, सांगता येत नाही."

"मग?"

"तुम्ही जिवंतपणीच देऊन टाका. बक्षीसपत्र. आज तुम्ही दिलं, त्यांनी घेतलं, नोंद झाली. तुमच्या माघारी वाटायला काही उरतच नाही, मग भांडणार कशावर?"

"हा. ते चांगलं," भामा म्हणाली. "मेल्यावर दिल्यापरीस समोर बसून दिलेलं बरं. लिवा."

सुदामनं तिचं आधार कार्ड घेतलं. मग परत सातबारा. मग परत कार्ड. चष्मा काढून पुसला.

"आजी, कार्डावर भामाबाई रामू कडू. सातबाऱ्यावर गोदू धर्मा घरत. ही कोण?"

"मीच."

"दोन्ही?"

"माहेरी गोदू. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. सगल्यांचंच बदलतात. बाप मेला तवा तलाठ्यानं माहेरच्या नावानं नोंद केली. वाटप झाली तवाबी अंगठ्यावर झाली. कोन इचारलं नाय."

"आता विचारतात. गोदू म्हणजे तुम्हीच याला पुरावा काय? शाळेचा दाखला?"

"शाला?" भामानं सुमतीकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला.

"लग्नाची पत्रिका?"

"आमच्यात धवलारीण बोलवायचे. ती मांडवात नवरीचं नाव घेऊन गानी बोलायची. ती धवलारीण कवाच मेली."

रांगेतल्या एका माणसानं मान लांब करून पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, आजीचे दोन दोन आयडी."

सुदामनं आवाज खाली आणला. "तलाठ्याकडे अर्ज करू. मंडळ अधिकारी जागेवर येतील, पंचनामा होईल. लग्नाआधीपासून ओळखणारं माहेरचं माणूस जबाब द्यायला पाहिजे. भाऊ आहे का?"

भामानं पदर डोक्यावर नीट घेतला.

"हाय," ती म्हणाली. "असून नसल्यासारखा हाय."

*

माहेर बांधापलीकडच्या गावात होतं. चालत जाता यायचं, पण भामा त्या वाटेनं कित्येक वर्षं गेली नव्हती. बाप वारल्यावर थोरल्या भावानं, कमलाकरनं, बहिणींना हक्कसोडीच्या सह्यांसाठी बोलावलं होतं. बाकीच्या दोघी बहिणींनी, ज्या आता हयात नाहीत, अंगठे दिले, साड्या घेतल्या, जेवून गेल्या. भामानं अंगठा दिला नाही. ताटावरून उठली. वाटणी झाली तेव्हा मुद्दाम तिच्या वाट्याला खाऱ्या पाण्यानं नासलेला, खाडीला लागून असलेला खड्डा आला. हरेश आणि सुमतीनं त्याचंच तळं केलं. पण माहेर तुटलं ते तुटलंच. भाऊबीजेला कुणी बोलावलं नाही.

कमलाकर खुर्चीत बसला होता. पायाला सूज होती. त्याची बायको यमुना, भामाची वहिनी, दारात तांदूळ निवडत होती. भामाला पाहून तिचा हात ताटातच थांबला.

"दादूस," भामा पायरीखाली उभी राहून म्हणाली. "काम हाय."

"काम असल्याबिगर कोन येतंय."

भामानं सांगितलं. कमलाकरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यावरूनच तिला कळलं की त्याला आधीच माहीत आहे.

"निकेश आयलेला. पनवेलला कोनीतरी तुमाला बघितलं, त्याला सांगितलं," तो म्हणाला. "भाचा हाय माझा. बोल्ला, मामा, आई म्हातारी झाली, वयनीनं तिला फिरवली हाय. तू जबाब देऊ नको."

"आन तू काय बोल्लास?"

"मी काय बोलनार? अर्धी जमीन मना परत दे. बापाची हाय. मग सांगतो मी, ही माझी भन गोदू."

"आन नाय दिली तर?"

"तर आमची गोदू कवाच मेली. लग्न झालं तवाच."

भामानं त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. यमुना उठून आत गेली, तांब्या घेऊन बाहेर आली. कमलाकरनं तिच्याकडे पाहिलं. ती पायरीवर थांबली, तांब्या तसाच हातात.

"दे इकडं, वयनी," भामा म्हणाली. तिनं तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायली, चूळ भरून अंगणात टाकली. "मेलेली मानसं पानी पीत नाय, दादूस. बघून ठेव."

घरी येईपर्यंत तिचं धारिष्ट्य संपलं होतं. ती भिंतीला टेकून बसली. सुमतीनं गुडघ्याला तेल लावायला घेतलं.

"राहू द्या आई. नको ती जमीन. मी कुठंबी चार घरी भांडी घासीन."

भामानं पाय ओढून घेतला. "चार घरी? आन मी मेल्यावर कोन येऊन ह्या बांधावर बसंल? यार्डवाल्याचा वॉचमन? तेल लाव. नीट लाव. उद्या तलाठ्याकडं जायचं हाय."

*

मंडळ अधिकारी बाई होत्या. दुपारच्या उन्हात त्या बांधावर आल्या, पायात बूट, डोक्यावर रुमाल. बरोबर तलाठी आणि सुदाम. निकेश आधीच येऊन उभा होता. त्यानं लेखी हरकत दिली होती की आईला वयामुळे समजत नाही. कमलाकर रिक्षातून आला होता, काठी टेकत. त्याच्या गावची चारपाच माणसं त्याच्या मागे होती. सगळे जमिनीकडे बघत होते. कमलाकरच्या रिक्षातूनच यमुना उतरली होती. नवऱ्याचा हात धरायला म्हणून आली असावी असंच सगळ्यांना वाटलं.

"आजी, आज कोणता वार?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"बुधवार. आन उद्या अष्टमी. भांगाची भरती. पानी बांधाला लागनार नाय."

"हे मला तपासता येणार नाही," बाई हसल्या. "ही जमीन कोणाची?"

"माझी."

"तुमचं नाव?"

"हितं बसले तर गोदू. त्या घरात गेले तर भामा."

निकेश पुढे आला. "बघा मॅडम. हे असं बोलते. तिला कन्फ्युजन आहे."

"तुना नाय कन्फ्युजन?" भामा त्याच्याकडे वळली. "लहानपनी तू बाजारात हरवला व्हतास, तवा काय नाव घेऊन रडत व्हतास? आई. मंग माझी तीन नावं झाली. लिवा ताई, तिसरंबी लिवा."

मागची माणसं हसली. निकेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अधिकारी बाई कमलाकरकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना? गोदू धर्मा घरत या हयात आहेत का? याच त्या आहेत का?"

कमलाकरनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, नजर कमी झालीय. लय वरसं झाली. खातरीनं नाय सांगता येत."

सुदामचं पेन थांबलं. "दुसरं कोणी?" अधिकारी बाईंनी विचारलं. कमलाकरच्या गावची माणसं हलली नाहीत. भामा एकेकाकडे पाहत होती. त्यातल्या एकाला तिनं कडेवर खेळवलं होतं. तो बिडी शोधायला लागला.

"मग मला तसं लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "ओळख पटली नाही."

"माझं लिवून घ्या," यमुना म्हणाली.

कमलाकर म्हणाला, "तू रिक्षात जाऊन बस."

"बसते नंतर." ती पुढे आली. अंगानं बारीक, पाठीला बाक. "साहेब, ही गोदू. माझी नणंद. मी लग्न होऊन ह्यांच्या घरात आयले तवा ही परकर घालून ह्याच उघाडीवर जाल्यात बारीक कोलीम पकडायची. भाकरी थापाला मीच शिकवली हिला. हिच्या लग्नात हलद मी लावली. सकाली मांडवात बसली ती गोदू. रातच्याला कडूंच्या दारात तांदलाच्या ताटात नाव काढलं, भामा. मी पाठराखीण व्हते. मी बघितलं. ही रडली तवा मीच बोल्ले, रडू नको, नाव बदललं म्हनून मानूस बदलत नाय."

अधिकारी बाईंनी नवा कागद घेतला. पलीकडे यार्डात क्रेनचा भोंगा वाजत होता.

"आजी, तुमचं नाव सांगा. जबाबावर लागेल."

"यमुना कमलाकर घरत. माहेरचं चिंधी."

"माहेरचं लिहायची गरज नाही."

"लिवा," यमुना म्हणाली. "कागदावर एकदा तरी येऊ दे."

कमलाकर काठी आपटत तिच्याजवळ आला. "माझ्या घरात राहून माझ्याच आडवी जातेस? काय दिलंन हिनं तुला?"

"कायबी दिलं नाय." यमुना मागे सरकली नाही. "मी माझ्या भावांना अंगठा दिला. एक साडी घेतली. दुसऱ्या वरसाला भाऊबीजेला कोन बोलावलं नाय. हिनं अंगठा नाय दिला. हिलाबी कोन बोलावलं नाय. मंग मना सांगा, मी देऊन काय मिलवलं?"

कमलाकर काठी टेकत रिक्षाकडे वळला. बिडी शोधणारा माणूस पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, माझंबी लिवा. ही गोदू आत्याच हाय."

अधिकारी बाईंनी जबाब वाचून दाखवले. यमुनानं शाईचा अंगठा उठवला, मग तो बांधाच्या गवताला पुसला. भामा तिच्याजवळ गेली.

"वयनी, आता घरी काय होईल?"

"काय होनार? भाकरी मीच करते," यमुना म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

*

निकेशची हरकत फेटाळली गेली, मुदत संपली, नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर दोन्ही नावं एका ओळीत आली. सुदामनं बक्षीसपत्राचा मसुदा केला आणि शेवटी विचारलं, "एक अट घालूया का? तुम्ही जिवंत आहात तोवर उत्पन्न आणि ताबा तुमचा. सगळे सुरक्षित म्हणून घालतात."

"घाला," सुमती लगेच म्हणाली.

"नको," भामा म्हणाली.

"आई, घालू द्या. उद्या माझं डोकं फिरलं तर? मानसाचं काय सांगावं?"

"फिरलं तर फिरलं. अट घातली तर मी मरेपत्तूर तू माझी गडीनच राहशील. निकेश रोज येऊन माझ्या कानात फुंकंल. देयाचं तर सगलं देयाचं."

"लोक काय म्हनतील, सासूचं सगलं लिवून घेतलं?"

"म्हनू दे. खांडीत कोन बसलेला, लोक?"

सुमतीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती रस्त्याकडे पाहायला लागली.

आत नोंदणी अधिकाऱ्यानं दोघींना समोर बसवलं. कॅमेऱ्यात फोटो काढला. दारात निकेश उभा होता. त्यानं हाका मारल्या नाहीत, फक्त आईकडे बघत होता. लहानपणी जेवायला रुसून बसायचा तसा. भामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिनं नजर काढून समोर लावली.

"आजी, कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

"माझ्यावर? अजून तसा कोन जन्माला यायचाय."

"बक्षीसपत्र एकदा झालं की परत घेता येत नाही. नंतर वाटलं तरी नाही. समजलं?"

"म्हनून तर करते. परत घेन्यासारखं असतं तर त्याला देनं कसं बोलायचं?"

अधिकाऱ्यानं यंत्र पुढे सरकवलं. तिनं अंगठा ठेवला. सुमतीनं स्वीकारल्याची सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावून.

बाहेर जिन्यावर निकेशनं आईला अडवलं. "माझ्यासाठी काय ठेवलंस? मी पन तुझ्याच पोटचा."

"तुझ्या बापाचं सगलं तुला दिलं. सुकापूरला चार भिंती हायेत तुझ्या. मी आयले तर दार उघड. बस, येवढंच माझ्यासाठी ठेव."

निकेश बाजूला झाला.

*

शिमग्याच्या आधी तळ्यातला मासा काढायचा होता. सुमती कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. भामा बांधावर बसून पागाच्या, म्हणजे फेकजाळ्याच्या, दोरीचं टोक धरून होती. एक पांढरी गाडी बांधाच्या तोंडापर्यंत आली. यार्डाचा माणूस उतरला. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. जमीन दिल्याचं निकेशनं त्याला कळवलं नव्हतं किंवा कळवूनही तो आला होता.

"मावशी, निकेशभाऊ बोलले होते तुमच्याशी. रेट वाढवून देतो. बसून बोलूया?"

"माझ्याशी कनाला? मी हितं कामाला हाय."

तो माणूस गोंधळला. "मग मालक कोण?"

भामानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. तो बांधावरून थोडा पुढे गेला आणि ओरडला, "ताई! ओ ताई! एक मिनिट!"

सुमतीनं मान वळवली नाही. तिचे दोन्ही हात पाग सावडत होते. पाण्याखाली काही तरी जड, जिवंत ओढत होतं.

"आवाज करू नका," ती म्हणाली. "आन गाडी मागं घ्या. बांध माझा हाय, खचंल."